कोकणची गाडी धरण्याआधी कोल्हापुरात चार-सहा तास : तुमचे अनुभव

विमान सकाळी उजळाईवाडीला उतरतं आणि मालवण-रत्नागिरीकडची एसटी दुपारी असते. परतीला नेमकं उलटं. हे मधले तास बरेच पाहुणे स्टँडच्या बाकड्यावर काढतात, आणि या गावात तसं होऊ नये असं मनापासून वाटतं. म्हणून इथल्या जाणत्यांनी लिहावं. स्थळांची यादी नको, घड्याळाचा हिशेब हवा. कोणत्या वेळी काय जमतं आणि कुठे अडकायला होतं? आलेली उत्तरं खाली, लिहिणाऱ्याच्या भागाच्या नावाने.

उजळाईवाडी

आधी वजाबाकी करा. विमानतळ शहरापासून नऊ-दहा किलोमीटरवर आहे. सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास, शहरात पोचायला अर्धा तास, संध्याकाळच्या गर्दीत परतायला पाऊण तास, आणि विमान सुटण्याआधी दीड तास हजर राहायचं. विमान ते विमान सहा तास असले तरी हाताशी पावणेतीनच उरतात. तेवढ्यात अंबाबाई आणि जेवण होतं, तिसरं काही कोंबू नका. परतीची गाडी उतरतानाच ठरवून ठेवा, भाडं आधी बोलून घ्या.

चार-साडेचार तासच असतील तर शहरात शिरण्यापेक्षा कणेरी मठ बरा. तो विमानतळाच्याच बाजूला आहे, गोकुळ शिरगावच्या पुढे. तिथलं ग्रामजीवन संग्रहालय पायी फिरायचं असतं, बरंचसं उघड्यावर आहे. उन्हाळ्यात टोपी आणि पाणी लागतंच.

शाहूपुरी

मध्यवर्ती बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन एकमेकांपासून पायी दहा मिनिटांवर. सामानाचं आधी बघा, मंदिरात मोठी बॅग घेऊन रांगेत उभं राहणं म्हणजे शिक्षा. रेल्वेच्या क्लोक रूमचा नियम असा की बॅगेला कुलूप हवं आणि प्रवासाचं तिकीट दाखवायला हवं. पाठीवरच्या सॅकला चेन असते पण कुलूप नसतं, तिथेच लोक अडतात. छोटं कुलूप सोबत ठेवा.

खासगी बस असेल तर 'कोल्हापूर' म्हणजे नेमकं कुठे ते विचारा. महामार्गावरच्या बऱ्याच गाड्या शहरात न शिरता तावडे हॉटेलपाशी थांबतात. एसटी गगनबावड्याकडून जाणार असेल तर ती रंकाळा स्टँडला थांबते का, हे चौकशीला विचारून घ्या. थांबत असेल तर मंदिर उरकून तिकडेच चढता येतं, उलटं मध्यवर्तीला यायला नको. पावसात दरड पडली की गगनबावड्याच्या करूळ घाटाच्या गाड्या दुसऱ्या घाटाने वळवतात, तेव्हा पुढची जोडणी घट्ट धरू नका.

महाद्वार रोड

मंगळवार, शुक्रवार, सुट्ट्या आणि नवरात्रात रांगेचा भरवसा नाही. वेळ कमी असेल तर मुखदर्शनाची वेगळी रांग धरा. गाभाऱ्याजवळ जायला मिळत नाही, पण लांबून देवी दिसते आणि रांग झपाट्याने सरकते. पूजा चालू असताना मात्र दोन्ही रांगा थबकतात. तोकडे कपडे नकोत, आत फोटो नकोत. चार दरवाजे आहेत. चपला ज्या दरवाज्याशी सोडाल त्याचं नाव लक्षात ठेवा, महाद्वारातून शिरलेला माणूस घाटी दरवाज्यातून निघाला की तापल्या फरशीवरून प्रदक्षिणा होते.

किरणोत्सव ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. सूर्य मावळताना किरणं महाद्वारातून आत येतात. त्या संध्याकाळी चार तासांत दर्शन करून गाडी गाठायचा बेत करूच नका.

बिंदू चौक

चपलांवर लिहितो, कारण घाईत इथेच फसगत होते. खरी कोल्हापुरी कातड्याची. कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, तळ कातडी वादीने शिवलेला, खिळा नाही. तळाची कड नखाने दाबून बघा. कातड्याचे थर एकमेकांवर दिसले पाहिजेत. पुठ्ठा किंवा रबर असेल तर कड गुळगुळीत, एकसंध दिसते. वासही घ्या. कमावलेल्या कातड्याला उग्र वास असतो, रेक्झिनला रसायनाचा.

माप थोडं घट्टच घ्या, कातडं वापराने सैल होतं. अंगठा जेमतेम जायला हवा, टाच मात्र तळाच्या बाहेर जाऊ नये. पहिले काही दिवस तेलाचा हात चपलेच्या पट्ट्याला आणि अंगठ्याच्या वादीला आतून लावा, नाहीतर बोटाला फोड येतो. आणि कोकणात पावसाळ्यात उतरणार असाल तर चप्पल पिशवीतच ठेवा. भिजली की तळ फुगतो आणि शिवण सुटते.

कसबा बावडा

पोटाचं घड्याळ असं आहे : मिसळ सकाळची. दुपारी एकनंतर चांगल्या ठिकाणी कट संपलेला असतो. इथे सोबत पावाचे स्लाईस येतात. कट वेगळा मागून घ्या, एकदम ओतला की फरसाण लगेच मऊ पडतं. तांबडा-पांढरा दुपारी बारा ते तीन आणि रात्री आठनंतर. मधल्या वेळात गेलात तर बंद दार किंवा तापवलेला रस्सा. पांढरा आधी प्या, तांबड्याने जीभ पेटली की त्यातलं नारळाचं दूध आणि मटणाचं अळणी सूप दोन्ही कळत नाही. घाट उतरायचा असेल तर जेवण आणि गाडी यांत दोन तास तरी जाऊ द्या.

गंगावेश

संध्याकाळची गाडी असेल तर दूध कट्टा. म्हैस समोर पिळतात, फेसाळ धारोष्ण दूध पेल्यात. ते कच्चं असतं, सवय नसलेल्याने आणि लहान मुलांनी प्रवासाच्या तोंडावर पिऊ नये. तिथून रंकाळा तलाव जवळ, सूर्यास्ताला चौपाटीवर बसून होतं.

भाऊसिंगजी रोड

दुपारच्या उन्हात टाऊन हॉल म्युझियम. पाऊण तास पुरतो. इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेला पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, तिथे आवर्जून बघा. पंचगंगेच्या काठावर समुद्रदेव निघतो, म्हणजे कोकणातली बंदरं आणि घाट तेव्हाही वाहते होते. सोमवारी बंद.

उजळाईवाडी

परतीच्या विमानवाल्यांसाठी राहिलं होतं. कोल्हापुरी चटणी आणि मिरचीपूड हातातल्या बॅगेत चालत नाही, तपासणीत काढून ठेवतात. चेक-इनमध्ये टाका, दुहेरी पिशवीत, तेल सुटतं. काकवीचंही तसंच. गुळाची ढेप जड असते, वजन आधी मोजा. देवीच्या ओटीतला नारळ हातातल्या बॅगेत ठेवू नका. सुक्या खोबऱ्याची वाटी तर चेक-इनमध्येही नेता येत नाही, तेलामुळे ती पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. ती विमानतळाकडे निघण्याआधीच कुणाला तरी देऊन टाका.