तानपुरा वाजत असताना रेकॉर्डिंग हळूहळू सरकतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईच्या रियाजासाठी एक छोटा प्रोग्राम लिहितोय. हेडफोनवर तानपुरा वाजत राहायचा आणि त्याच वेळी तिचं गाणं रेकॉर्ड व्हायचं, एवढंच. उबुंटू, पायथन आणि साउंडडिव्हाइस लायब्ररी. माइक यूएसबीचा, हेडफोन मात्र लॅपटॉपच्या जॅकला.

सुरुवातीला प्ले (वाजवणे) आणि रेक (रेकॉर्ड करणे) हे लायब्ररीचे कॉल एकापाठोपाठ दिले, तर दुसऱ्याने पहिल्याचा आवाजच थांबवला. म्हणून आता इनपुट आणि आउटपुटचे दोन वेगळे स्ट्रीम, म्हणजे आवाजाचे प्रवाह, उघडलेत. दोन्ही ४८००० हर्ट्झवर, ब्लॉक (एका वेळी हाताळला जाणारा आवाजाचा तुकडा) १०२४ फ्रेमचा, म्हणजे साधारण २१ मिलिसेकंद. २५६ केला की आवाज तडतडतो. कॉलबॅकमध्ये (दर ब्लॉकला लायब्ररी आपोआप बोलावते त्या फंक्शनमध्ये) फक्त डेटा रांगेत टाकतो, फाइल दुसऱ्या थ्रेडमध्ये लिहितो.

हेडफोन माइकला चिकटवून सेकंदाला एक टिकटिक वाजवून पाहिली. पहिली टिक ९० मिलिसेकंद उशिरा आली. ते चालेल, तेवढं कापून टाकता येतं. पण दहाव्या मिनिटाला हाच फरक १२० झाला! ओव्हरफ्लो किंवा अंडरफ्लोचा (डेटा ओसंडून गेल्याचा किंवा कमी पडल्याचा) एकही इशारा नाही.

माझा संशय असा की माइक आणि साउंड कार्ड आपापल्या घड्याळावर चालतात. तसं असेल तर चालू असतानाच रिसॅम्पलिंग करावं (म्हणजे आवाजाचा वेग किंचित बदलून दोन्ही जुळवावं), की माइक आणि हेडफोन दोन्ही एकाच ऑडिओ इंटरफेसला जोडणं हाच खरा उपाय? पाइपवायरकडून (लिनक्सवर आवाज हाताळणारी यंत्रणा) हे जुळवून घेतलेलं कुणी आहे का? आई रोज पहाटे तासभर बसते, त्यामुळे लांब रेकॉर्डिंग नीट जुळणं फार गरजेचं आहे.