गुरुवारची घरातली राइड: माणसं येतात, टिकत का नाहीत?

ओंकार सी-७०२: मंडळी, पावसाळा संपेपर्यंत खडकवासला, सिंहगड बंदच समजा. रस्त्यात खड्डा आहे की खड्ड्यात रस्ता, कळत नाही. गुरुवारी संध्याकाळी ७.३० ला झ्विफ्टवर ग्रुप राइड करतोय (झ्विफ्ट म्हणजे ॲप: घरात जागेवर बसवलेली सायकल मारायची, स्क्रीनवर आपला सायकलस्वार सगळ्यांबरोबर पळतो). मागच्या वेळी ९ जण म्हणाले "येतो", आले ३. काय चुकतंय, सरळ सांगा.

जोशीकाका बी-१०४: सायकल जागेवरून हलत नाही आणि त्याला राइड म्हणायचं? आम्ही सदाशिव पेठेतून खडकीला रोज सायकलने जायचो. पावसातसुद्धा.

ओंकार सी-७०२: काका, तेव्हा रस्ते रिकामे होते 🙂

सोनल बी-३०२: मी सांगते. मी मागच्या वेळी आले होते आणि चौथ्या मिनिटाला एकटी पडले. तू म्हणालास "एकदम हळू राइड आहे". तुझं हळू म्हणजे अडीच वॅट प्रति किलो, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे पायांनी अडीच वॅट ताकद लावायची. माझं वजन ६२, म्हणजे १५५ वॅट. मी जीव तोडून मारते तेव्हा ११० होतात. लीडरच्या डोक्यावरचा पिवळा दिवा लांब जाताना बघत बसले. एकदा ग्रुप सुटला की ड्राफ्टही (पुढच्याच्या आडोशाने वारा कमी लागतो तो फायदा) जातो, मग आणखी जोर लावायचा आणि आणखी मागे पडायचं. पुढे अर्धा तास वाटोपियात, म्हणजे ॲपमधल्या त्या खोट्या बेटावर, एकटी फिरले. चॅटमध्ये तुम्ही तिघं आपापल्या एफटीपीवर (तासभर टिकेल एवढी जास्तीत जास्त ताकद) बोलत होतात. परत कशाला येऊ?

ओंकार सी-७०२: 🙏 चूक माझी. ती बाहेरच्यांची मोठी राइड होती, तिथे आपल्या नवीन माणसांना ढकलायला नको होतं.

सोनल बी-३०२: मग आपलाच मीटअप, म्हणजे फक्त बोलावलेल्यांची राइड, काढ ना. त्यात सगळ्यांना एकत्र ठेवायचा पर्याय असतो. कोणी ८० वॅट मारो, कोणी २५०, पेडल फिरतंय तोवर माणूस घोळक्यातच राहतो.

निखिल ए-५०१: पण मग मला व्यायाम कसला होणार?

सोनल बी-३०२: तू २५० मार की, कोण अडवतंय? फक्त पुढे पळता येणार नाही. पोटदुखी तीच आहे 😄

कुलकर्णीकाकू सी-६०२: ओंकार, राइड कुठलीही काढ. पण सकाळी सहाला माझ्या डोक्यावर पिठाची गिरणी सुरू होते, त्याचं आधी बघ.

ओंकार सी-७०२: काकू, तो जुना ट्रेनर (सायकल जागेवर बसवायचा स्टँड), चाक रोलरवर घासतं त्याचा आवाज. आता मागचं चाक काढून लावायचा घेतलाय, खाली जाड मॅटही टाकतो. आणि ही राइड क्लबहाउसमध्ये आहे.

देशमुख (सेक्रेटरी): क्लबहाउस ९ पर्यंतच. पंखा चालू ठेवून जाऊ नये.
टँकर आला आहे. गेटसमोरची पांढरी गाडी कोणाची? ताबडतोब काढा.

ओंकार सी-७०२: तर असं ठरवू. रूट टेंपस फ्यूजिट, १७.३ किमी, जवळजवळ पूर्ण सपाट. चढ बिलकुल नको, आल्प द्यु झ्विफ्ट या ॲपमधल्या घाटाची २१ वळणं दिवाळीनंतर बघू. वेग दीड वॅट प्रति किलो, म्हणजे सोनलला ९३. क्लबहाउसमध्ये माझे दोन्ही ट्रेनर सायकलीसकट लावतो, सीट तेवढी वरखाली करायची. घरी ट्रेनर असेल त्यांनी घरूनच या, आदल्या दिवशी ॲपवर एकमेकांना फॉलो करू म्हणजे आमंत्रण पाठवता येईल. वजन खरं भरा, निखिल. पेडल मारताना टाइप होत नाही, म्हणून फोनवर ग्रुप कॉल चालू ठेवू. टॉवेल हँडलवर टाका, घाम हेडसेटमध्ये (हँडल फिरतं तिथल्या बेअरिंगमध्ये) गेला की गंज धरतो.

जोशीकाका बी-१०४: पैसे किती?

ओंकार सी-७०२: सुरुवातीची ट्रायल फुकट. पुढे महिन्याची फी आहे. परवडत नसेल तर मायवूश हे तसंच दुसरं ॲप पूर्ण फुकट आहे, २०२४ ची ई-सायकलिंगची जागतिक स्पर्धा त्याच्यावरच झाली.

जोशीकाका बी-१०४: जागतिक स्पर्धा? जागेवर बसून?

सोनल बी-३०२: काका, तुम्ही याच. मी माझा ट्रेनर तुमच्या शेजारी लावते. पहिली १० मिनिटं ओंकार पेडल मारणार नाही, नुसता आपल्याला सेटअप करून देणार. ही माझी अट.

ओंकार सी-७०२: मान्य. नावं टाका, खाली जोडत जा.
१. ओंकार
२. सोनल

निखिल ए-५०१:
१. ओंकार
२. सोनल
३. निखिल (घरून)

जोशीकाका बी-१०४:
१. ओंकार
२. सोनल
३. निखिल (घरून)
४. जोशी. धोतरावर चालेल का?