मदत हवी आहे: फ्रीलान्सरने ऑनलाइन स्वतःचं नाव उभं करून खरंच काम मिळतं का?

मी पुण्यात मराठी पुस्तकांची मांडणी करते. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत, आणणं, इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तपासत पानं लावणं, ई-बुक करून देणं, असं काम. सहा वर्षं सगळं ओळखीतून आलं, बहुतेक अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या प्रकाशकांकडून. आता दोन प्रकाशकांवर माझं ७० टक्के उत्पन्न अवलंबून आहे आणि त्याची मला खरंच धास्ती वाटते.

म्हणून आठ महिने लिंक्डइनवर आठवड्याला दोन पोस्ट टाकल्या, बिहान्स या डिझायनरांनी आपली कामं दाखवायच्या साइटवर ११ कामं लावली. प्रतिसाद चांगला, पण सगळा इतर डिझायनरांचा. चौकशा तीन आल्या, काम एकच झालं. तेही दर पाडून. फायवर या फ्रीलान्स कामं मिळवायच्या साइटवरही खातं उघडून पाहिलं, तिथल्या दरात घर चालत नाही.

आठवड्याला फार तर चार तास देऊ शकते. जाहिरातीवर खर्च नको, व्हिडिओत बोलणं जमणार नाही. पुस्तक प्रकाशित होईपर्यंत त्याची पानं दाखवता येत नाहीत, ही मोठी अडचण. जीएसटी नोंदणी नाही, उलाढाल २० लाखांच्या बरीच खाली आहे.

स्वतः पुस्तक काढणारे लेखक आणि संस्था थेट माझ्यापर्यंत याव्यात, एवढंच हवंय. ते लिंक्डइनवर असतात तरी का? की स्वतःच्या नावाची वेबसाइट करून तिथे मराठीत कामाबद्दल सविस्तर लिहू? ज्यांनी हे केलंय, त्यांना अनोळखी माणसाकडून पुऱ्या दराचं पहिलं काम किती महिन्यांनी मिळालं, आणि नेमकं कशामुळे?