एकोपाथ (समुद्रातल्या अन्नजाळ्याचं कॉम्प्युटर मॉडेल) बॅलन्स झालं म्हणजे झालं असं नाही

काही जण म्हणतात की शिकारी मासे जास्त पकडले की छोटे आपोआप वाढतात, पण इतकं सरळ नसतं हो. १९८४ मध्ये शास्त्रज्ञ पोलोविनांनी हवाईच्या फ्रेंच फ्रिगेट शोल्स या प्रवाळ बेटांसाठी एकोपाथ केलं तो एका ठराविक काळाचा जमाखर्च होता, कोण कोणाला किती खातं एवढाच. पुढे काय होईल ते बघायला एकोसिम (त्याच मॉडेलचा काळानुसार बदल दाखवणारा भाग) लागतं आणि तिथे सगळा खेळ व्हल्नरेबिलिटीचा, म्हणजे भक्ष्य शिकाऱ्याच्या तावडीत किती सापडू शकतं त्या आकड्याचा! ती कमी असली तर शिकारी वाढूनही भक्ष्यावर फारसा फरक पडत नाही, जास्त ठेवली की तेच मॉडेल एकदम वेगळं उत्तर देतं... म्हणून व्हल्नरेबिलिटीचा डिफॉल्ट २ (सॉफ्टवेअरने आधीच भरलेला आकडा) तसाच ठेवून मासेमारीचा कोटा ठरवू नका प्लीज, आधी जुन्या आकड्यांवर फिट करून बघा. आणि छोटे मासे मोठ्यांची अंडी-पिल्लं खातात, ते डाएट मॅट्रिक्समध्ये (कोण कोणाला किती खातं त्या तक्त्यात) घेतलंय का?