'जोकर'ने चाहत्यांना का दुखावलं? अक्षय होता, श्रेयस होता, कल्पनाही होती!

देवगडचा_आंबा:
काल टीव्हीवर 'जोकर' (२०१२) लागला होता आणि जुना सल पुन्हा वर आला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: पागलापूर हे गाव नकाशावरच नाही, म्हणून तिथे वीज नाही की पाणी नाही. अमेरिकेतून परतलेला शास्त्रज्ञ अगस्त्य (अक्षय कुमार) शेतात मोठाल्या आकृत्या काढून परग्रहवासी उतरल्याची हूल उठवतो, म्हणजे जगाचं लक्ष गावाकडे वळेल. ज्यांच्या वाडीला रस्ता उशिरा आला त्यांना ही कल्पना आतून कळते. आम्ही सहा जण एसटीने दीड तास जाऊन पहिल्या आठवड्यात पाहिला. त्याच वर्षी 'हाउसफुल २' आणि 'राउडी राठोड' येऊन गेले होते, अक्षय ऐन भरात होता. इथे मात्र तो नुसता उभा असतो. आणि 'इक्बाल'मधला आपला श्रेयस तळपदे? त्याला कुणालाच न कळणारी भाषा बोलायला लावून वाया घालवला. परतीच्या गाडीत कोणी बोललं नाही.

मालवणी_मासो:
माका आवडता हो पिक्चर. चार वेळा बघलंय. पोरां पोट धरून हसतत. तुमी 'राउडी'चो अक्षय शोधूक गेलात, तो गावलो नाय म्हणान राग. ह्यात पिक्चरचो काय दोष?

चिपळूणकर_८२:
दोष आहे. भाज्या अंगाला बांधून परग्रहवासी बनलेली माणसं पाहून जगभरचे पत्रकार फसतात, हे कोणी मानायचं?

मालवणी_मासो:
मग दशावतारी नाटकात काय असता? एक बाकडा, तोच सिंहासन, तोच डोंगर. संकासुर राक्षसाची लाल जीभ कापडाची. तरी रात्रभर बसतंव ना?

देवगडचा_आंबा:
बसतो, कारण तो नट बाकड्यावर राजासारखा बसतो. लिहिलेले संवाद हातात नसतात, आयत्या वेळी बोलायचं असतं, तरी एक शब्द लेचापेचा नसतो. 'जोकर'मध्ये नटांचाच त्या खेळावर विश्वास दिसत नाही. माझं दुखणं भोपळ्याचं नाहीच, दादा.

खाडीपलीकडे:
चिपळूणकर, जग फसतं हो. इंग्लंडात डग बोवर आणि डेव्ह चोर्ली हे दोघे फळी आणि दोरी घेऊन रात्री शेतातलं पीक गोलाकार आडवं करायचे. १९९१ मध्ये त्यांनी स्वतः कबुली दिली, तोवर कितीतरी शहाणी माणसं त्या वर्तुळांत परग्रह शोधत होती. तेव्हा कथेचा तो भाग पक्का आहे.

चिपळूणकर_८२:
हे मान्य. जग फसण्याबद्दलचा आक्षेप मागे घेतो. भाज्यांचा नाही.

राजापूरची_सडेवाली:
मला सगळ्यात जास्त शेवट खटकला आणि त्याबद्दल इथे कोणी बोललेलं नाही. आमच्याकडे बारसूच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कातळशिल्पं आहेत. एक माणूस आणि दोन्ही बाजूंना दोन वाघ, सगळं जांभ्यात कोरलेलं. कोकणातली अशी शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. बाहेरून येणारा एखादा तरी म्हणतोच, "हे परग्रहवाल्यांनी केलं असणार." तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आपल्याच माणसांचे हात नाकारायचे? 'जोकर'मध्ये गावकरी अख्ख्या जगाला स्वतःच्या डोक्याने आणि हातांनी खेळवतात, ती त्यांची कमाई. आणि शेवटी दिग्दर्शक शिरीष कुंदर खराच परग्रहवासी आणून उतरवतो! गावाने केलेलं सगळं त्या एका तबकडीखाली गेलं. श्रेयसला संवाद नसले तरी चाललं असतं, पण गावाचा विजय गावाकडे ठेवायला हवा होता.

मालवणी_मासो:
बाये, ह्या माझ्या ध्यानात इला नव्हता. पण पोरांका तो शेवटचो परग्रहवालोच सगळ्यात जास्त आवडता. त्यांका काय सांगू?

राजापूरची_सडेवाली:
त्यांना मे महिन्यात सड्यावर घेऊन या. पहाटे या, उन्हं तिरपी असताना रेषा नीट दिसतात. मग विचारा, कोणी काढलं.