प्रतिसाद: वजन कळलं, पण त्यात सेंद्रिय किती?

‘धूर गाळणारा फिल्टर आधी आणि नंतर तोलला की डिझेलच्या धुरातले कण मोजून झाले,’ असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय. वजनापुरतं ठीक. पण त्यात कोरी काजळी किती आणि तिच्यावर बसलेले न जळलेल्या डिझेलचे, वंगणतेलाचे अंश (म्हणजेच सेंद्रिय भाग) किती, हे तराजू सांगत नाही.

खरी गोम तापमानात आहे. सायलेन्सरमधल्या गरम धुरात या सेंद्रिय भागातलं बरंचसं वायुरूपात असतं. हवेत मिसळून गार झालं की काजळीला चिकटतं. म्हणून तर डायल्यूशन टनेलचा, म्हणजे धुरात स्वच्छ हवा मिसळून तो गार करणाऱ्या नळीचा, खटाटोप! अमेरिकेच्या २००७ पासूनच्या नियमांत फिल्टरपाशी ४७ अंश सेल्सियस, फार तर पाच इकडेतिकडे, एवढीच मुभा आहे.

कार्बन मोजण्यासाठी वापरतात तो क्वार्ट्झचा फिल्टर आणखी लबाड. आधी भट्टीत भाजून घेतला तरी धुरातली बाष्पं शोषतो आणि सेंद्रिय कार्बनचा आकडा फुगतो. त्यावर उपाय म्हणून शेजारी कण अडवणारा पण बाष्पं जाऊ देणारा टेफ्लॉन फिल्टर लावून त्याच्यामागे दुसरा क्वार्ट्झ ठेवतात आणि त्यावरचा आकडा वजा करतात.

पुढे हीलियममध्ये तापवून सेंद्रिय कार्बन काढायचा, मग ऑक्सिजन सोडून काजळी जाळायची. यात काही सेंद्रिय भाग करपून काजळीसारखाच होतो. त्यावर लेझरने नजर ठेवावी लागते. तापवण्याचे टप्पे बदलले की वाटणीही बदलते, एकूण कार्बन मात्र साधारण तोच राहतो. तेव्हा दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवण्याआधी पद्धत विचारा.

बेंझोपायरीन, नायट्रोपायरीन वगैरे एकेका घातक सेंद्रिय संयुगाचे आकडे हवे असतील तर डायक्लोरोमिथेनसारख्या द्रावकात अर्क काढून तो जीसी-एमएससारख्या (मिश्रणातली संयुगं वेगळी करून ओळखणाऱ्या) यंत्रावर तपासावा लागतो.