इंदूरला गेलात तर सराफ्यात रात्रीच जा

इंदूरमध्ये दोनच दिवस आहेत, कुठे खावं असं तुम्ही विचारलंय. कुणीतरी छप्पन दुकान ही खाऊगल्ली सुचवलीय, ती चांगलीच आहे. पण एक रात्र सराफा बाजारासाठी राखून ठेवाच. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. नऊच्या आधी जाऊ नका, आणि जेवून तर मुळीच नको.

पहिल्यांदा भुट्ट्याचा कीस घ्या. किसलेला कोवळा मका तुपात परतून दुधात शिजवतात, वरून खोबरं, कोथिंबीर, लिंबू. हिवाळा असेल तर गराडू सोडू नका: कंदाचे तुकडे कडकडीत तळून वर जिरावन हा चटपटीत मसाला भुरभुरतात. बाहेरून कुरकुरीत, आत अगदी मऊ. मला तर सगळ्या इंदुरात हाच पदार्थ सर्वांत प्रिय.

सकाळी वाफेवरचे पोहे, भरपूर शेव आणि सोबत जिलबी. आपल्या कांदेपोह्यांशी तुलना न करता खा, फार आवडतील.

नंतर होळकरांचा सात मजली राजवाडा बघा. तिथून चालत कृष्णपुरा छत्र्यांपर्यंत, म्हणजे होळकरांच्या स्मारकांपर्यंत जा, दगडातलं कोरीवकाम जवळून पाहण्यासारखं आहे. आणि येताना जिरावनची दोन पाकिटं नक्की आणा, घरच्या पोह्यांवरही छान लागतं.